हायब्रिड की लाँग आयर्न? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फच्या बॅगेत फेअरवे वूड (लांब दांड्याचा, मोठ्या डोक्याचा क्लब) आणि ५ आयर्न (पातळ डोक्याचा क्लब, आकडा जेवढा लहान तेवढा लांब जाणारा) यांच्या मधल्या जागेत काय ठेवायचं, हे प्रश्न सारखे येत राहतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. डावं-उजवं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी ते उलटं वाचावं.

लाँग आयर्न नेमके कोणते? आणि हायब्रिड म्हणजे काय?

२, ३ आणि ४ आयर्न हे लाँग आयर्न. १ आयर्न आता जवळपास कुणाच्याच बॅगेत दिसत नाही, आणि ५ आयर्न सीमेवरचा आहे. काहींना तो सहज जमतो, काहींच्या हातात तो ३ आयर्नइतकाच अवघड होतो.

हायब्रिडचं डोकं आयर्नपेक्षा मागे पसरलेलं, आतून पोकळ आणि रुंद सोलचं, म्हणजे तळाचं, असतं, पण फेअरवे वूडपेक्षा बरंच लहान. लांबीतही तो मधला आहे. ३ आयर्न साधारण ३९ इंचांचा, तेवढ्याच लॉफ्टचा (फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, कलाचा) हायब्रिड ४० इंचांच्या आसपास आणि ३ वूड ४३ इंचांच्या आसपास. रेस्क्यू किंवा युटिलिटी ही नावं ऐकलीत तर बहुतेक वेळा याच क्लबबद्दल बोलणं चाललेलं असतं.

हायब्रिडने चेंडू एवढा सहज कसा उठतो? लॉफ्ट तर तेवढाच आहे ना?

लॉफ्ट तेवढाच, पण वजन दुसरीकडे आहे. लाँग आयर्नमध्ये जवळजवळ सगळं वजन फेसला चिकटून असतं. हायब्रिडमध्ये ते खाली आणि मागे नेलेलं असतं. गुरुत्वमध्य खाली आणि मागे गेला की चेंडू जास्त उंच कोनातून निघतो. शिवाय वजन डोक्यात पसरलेलं असल्यामुळे फटका मधोमध बसला नाही तरी डोकं हातात कमी फिरतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पायाच्या पावडरचा स्प्रे घ्या, ४ आयर्नच्या फेसवर पातळ थर मारा आणि दहा चेंडू खेळा. प्रत्येक चेंडूनंतर फेसवर गोल डाग उमटतो. बहुतेक हौशी खेळाडूंचे डाग फेसच्या खालच्या दोन-तीन खाचांवर आणि थोडे टोच्या (डोक्याच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला दिसतात, मधोमध फारच थोडे. आयर्नवर त्या जागी बसलेला चेंडू जमिनीलगत निघतो, लवकर पडतो आणि हाताला झिणझिण्या आणतो. हायब्रिडचा गुरुत्वमध्य मुळात खाली असल्यामुळे तोच फटका बऱ्यापैकी अंतर कापतो. मधोमध बसलेल्या चेंडूत दोन्ही क्लबांचा फरक थोडा आहे. खरा फरक असा खाली आणि बाजूला बसलेल्या चेंडूत आहे, आणि क्लब निवडायचा तो त्याच्यासाठी.

३ आयर्न काढला तर त्याजागी ३ हायब्रिडच घ्यायचा ना?

आकड्यावरून ठरवू नका. तळाला कोरलेला आकडा ही प्रत्येक कंपनीची स्वतःची सोय आहे, त्याचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. ३ हायब्रिड साधारण १८ ते २० अंशांचा, ४ हायब्रिड २१ ते २३ अंशांचा आणि ५ हायब्रिड २४ ते २६ अंशांचा असतो, पण एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ३ जवळजवळ सारखे निघू शकतात.

त्यात हायब्रिडचा शाफ्ट (दांडा) लांब आणि सहसा हलका असतो. त्यामुळे त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा चेंडू सहसा थोडा लांबच जातो. २१ अंशांच्या आयर्नची जागा भरायची असेल तर २२ किंवा २३ अंशांचा हायब्रिड जास्त जवळचा ठरतो. पण आधी तो आयर्न तुमच्या हातात खरोखर किती यार्ड जातो ते कळायला हवं. मोजायची पद्धत पुढे दिली आहे.

माझ्या नव्या सेटमध्ये ४ आयर्नच नाही, ५ पासून सुरुवात आहे. काही चुकलं का?

नाही. गेल्या काही दशकांत आयर्नचे लॉफ्ट कमी कमी होत गेले. १९७० च्या दशकात ५ आयर्न ३० अंशांच्या आसपास असायचा. आज हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या बऱ्याच सेटमध्ये ७ आयर्नच २८ ते ३० अंशांचा असतो. म्हणजे तुमच्या सेटमधला ५ आयर्न लॉफ्टच्या हिशेबाने पूर्वीच्या ३ आयर्नच्या जवळपासचा आहे. त्याच्यावर आणखी एक आयर्न देण्यात अर्थ उरत नाही, म्हणून सेट तिथे थांबतो. याच कारणाने मित्राचा ४ आयर्न आणि तुमचा ४ आयर्न यांची तुलना करू नका. सेटच्या माहितीपत्रकात लॉफ्टचा तक्ता असतो, तो आधी बघा.

स्विंगचा वेग किती असेल तर लाँग आयर्न ठेवावा?

ड्रायव्हरच्या (सर्वात लांब फटक्याच्या क्लबच्या) डोक्याचा वेग ताशी १०० मैलांच्या खाली असेल तर लाँग आयर्न सहसा अवघड जातो, असा एक ठोकताळा आहे. सुरुवात म्हणून तो ठीक, निकाल म्हणून नाही. वेग असूनही चेंडू खालूनच निघणारे खेळाडू असतात, आणि बेताच्या वेगात नेमका फटका मारणारेही असतात.

माझ्या मते दोन खुणा जास्त भरवशाच्या आहेत. पहिली म्हणजे ४ आयर्न आणि ५ आयर्नचा चेंडू हवेतून जवळजवळ सारखाच जाणं. तसं असेल तर ४ आयर्न बॅगेत नुसतं ओझं आहे. कमी लॉफ्टमधून उंची मिळवायला लागणारा वेग तुमच्याकडे नाही, असा त्याचा अर्थ. दुसरी खूण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, दिसते. चेंडू ग्रीनवर पडून थांबायचा असेल तर तो बऱ्यापैकी तीव्र उतरायला हवा, साधारण ४५ अंशांच्या आसपास. तुमचा चांगला बसलेला लाँग आयर्न ग्रीनच्या पुढच्या भागात पडून मागच्या बाजूने बाहेर जात असेल, तर अंतर आहे पण उपयोग नाही.

अंतर मोजायचं कसं? लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र) लागतोच का?

असेल तर उत्तम, नसेल तरी काम होतं. खुणेचे फलक असलेल्या रेंजवर जा, शक्यतो वारा नसताना. रेंजचे चेंडू नेहमीच्या चेंडूंपेक्षा कमी जातात, त्यामुळे आकडा खरा धरू नका, फक्त क्लबांमधला फरक धरा.

एका क्लबने सलग दहा चेंडू मारू नका. चौथ्या-पाचव्या चेंडूपर्यंत हात त्या क्लबला सरावतो आणि आकडे फुगतात, कोर्सवर मात्र तो फटका एकदाच मारायचा असतो. म्हणून एक चेंडू ५ आयर्नने, एक ४ आयर्नने, एक हायब्रिडने, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक चेंडू कुठे पडला ते लिहा. घरंगळून कुठे थांबला ते लिहू नका. प्रत्येक क्लबचे दहा आकडे झाले की ते क्रमाने लावा आणि मधल्या दोन आकड्यांची सरासरी घ्या. सर्वात लांबचा घेऊ नका, मोह कितीही झाला तरी.

दोन शेजारच्या क्लबांत हवेतल्या अंतराचा फरक १० ते १५ यार्ड असेल तर बांधणी ठीक आहे. फरक त्याहून कमी असेल तर एक क्लब जादा आहे, २० यार्डांच्या वर गेला तर मध्ये भोक आहे. आणि एक गोष्ट आवर्जून बघा: त्या दहांपैकी सर्वात वाईट तीन चेंडू कुठे गेले? आयर्नचे तीन १२० यार्डांवर आणि हायब्रिडचे तीन १५० यार्डांवर पडले असतील, तर मधल्या आकड्यांत फरक नसला तरी निकाल लागलेला आहे.

हायब्रिड मारला की चेंडू डावीकडे हुक होतो. काय करू?

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. याची कारणं एकाहून जास्त आहेत, आणि उपाय करण्याआधी आपलं कारण कुठलं ते शोधावं लागतं.

बरेच हायब्रिड स्लाइस करणाऱ्यांना (ज्यांचा चेंडू उजवीकडे वळतो त्यांना) डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यात वजन टाचेच्या, म्हणजे दांड्याकडच्या, बाजूला असतं, क्लब चेंडूमागे टेकवल्यावर फेस थोडा बंद दिसतो किंवा लाय (दांडा आणि जमीन यांच्यातला कोन) जास्त उभी असते. लाय उभी असली की लॉफ्ट असलेल्या क्लबचा फेस डावीकडे बघायला लागतो. ज्याचा चेंडू मुळातच ड्रॉ होतो (थोडा डावीकडे वळतो), त्याच्या हातात असा क्लब आला की ड्रॉचा हुक होतो.

दुसरं कारण शाफ्ट. १२० ग्रॅमच्या स्टील शाफ्टच्या आयर्नशेजारी ६५ ग्रॅमचा हायब्रिड ठेवला तर हात पुढे पळतात आणि फेस लवकर बंद होतो. आयर्नचा शाफ्ट जड असेल तर हायब्रिडमध्ये ८०-९० ग्रॅमचा शाफ्ट घालून बघा. नवा क्लब घेण्याआधी मी हाच बदल सुचवेन.

तिसरं कारण जरा आडवळणाचं आहे. हायब्रिडचा गुरुत्वमध्य फेसपासून मागे असल्यामुळे चेंडू टोच्या बाजूला बसला की डोकं मागे फिरतं आणि चेंडूला उलट दिशेची, म्हणजे डावीकडे वळवणारी फिरकी मिळते. आयर्नमध्ये हा परिणाम अगदी थोडा. तेव्हा पावडरच्या चाचणीत डाग टोच्या बाजूला दिसत असतील तर दोष हायब्रिडचा नाही, तुम्ही चेंडूपासून लांब उभे राहताय.

हे सगळं तपासूनही चेंडू डावीकडेच जात असेल, तर ड्रायव्हिंग आयर्नबद्दलचं उत्तर वाचा. हायब्रिड सगळ्यांसाठी नसतो, आणि वेगाने स्विंग करणाऱ्या, ड्रॉ खेळणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हे फार वेळा खरं ठरतं.

हायब्रिड वूडसारखा झाडायचा की आयर्नसारखा खाली मारायचा?

आयर्नसारखा. दिसायला तो छोट्या वूडसारखा असल्यामुळे लोक चेंडू पुढच्या पायाशी ठेवतात आणि वर उचलायला जातात. त्यात सोल चेंडूआधी जमिनीला लागून उसळतो आणि क्लब चेंडूच्या फक्त वरच्या भागाला घासून जातो. चेंडू मध्यापासून एक-दोन चेंडूंएवढा पुढे ठेवा, वजन पुढच्या पायावर जाऊ द्या आणि चेंडू मारून झाल्यावर गवत घासलं जाऊ द्या. पातळ, लांबट डिव्हॉट (उपटलेल्या गवताची खूण) पडला तर फटका बरोबर बसला. खोल खड्डा नको.

रफमधून, म्हणजे बाजूच्या उंच गवतातून, कुठला?

चेंडू अर्धा दिसत असेल तर हायब्रिड. आयर्नची पातळ कड गवतात शिरते, गवत होझलला (दांडा आणि डोकं जोडणाऱ्या भागाला) गुंडाळलं जातं आणि फेस बंद होतो. हायब्रिडचा गोलसर सोल गवत बाजूला सारत पुढे जातो.

चेंडू गवताच्या तळाशी बुडाला असेल तर मात्र दोन्ही नकोत. तिथे ८ आयर्न किंवा वेज (सर्वात जास्त लॉफ्टचा क्लब) घेऊन फेअरवेवर या. हायब्रिडमुळे खरी हानी इथेच होते. त्याच्यावर इतका भरवसा बसतो की अशक्य जागीही बॅगेतून तोच काढला जातो. आणि चेंडू गवताच्या टोकांवर तरंगत असेल तर हायब्रिड फार खाली मारू नका, डोकं चेंडूखालून निघून जातं.

फेअरवे बंकरमधून?

पुढची भिंत किती उंच आहे, ते आधी. भिंत उंच असेल तर लॉफ्टवाला क्लब घ्या आणि अंतर विसरा. भिंत बुटकी आणि चेंडू वाळूवर स्वच्छ बसलेला असेल तर मला आयर्न जास्त पटतो, कारण रुंद सोल वाळूला आधी लागला तर उसळतो. हायब्रिडच घ्यायचा असेल तर तो थोडा आखूड धरा, पाय फार खोल रोवू नका आणि चेंडू आधी लागेल एवढंच बघा.

समोरून जोराचा वारा असेल तर आयर्न बरा ना?

चेंडू मधोमध बसवता येत असेल तर हो. लाँग आयर्नचा चेंडू खालून जातो आणि पडल्यावर पळतो. हायब्रिडचा उंच चेंडू वाऱ्यात अडकतो, आडव्या वाऱ्यात तर लांब वाहवत जातो. पण हायब्रिडही खाली ठेवता येतो: एक क्लब जास्तीचा घ्या, इंचभर आखूड धरा, चेंडू थोडा मागे ठेवा आणि स्विंग सावकाश, आटोपशीर संपवा. वर्षातले बहुतेक राउंड शांत हवेत खेळत असाल तर नुसत्या वाऱ्यासाठी आयर्न बाळगू नका.

टीवरून अरुंद होलला काय घ्यावं?

ज्याचे वाईट चेंडू कमी वाकतात तो. लाँग आयर्नचा इथला सर्वात गाजलेला वापर २००६ च्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये, रॉयल लिव्हरपूलच्या होयलेकमधल्या कोर्सवर दिसला. वाळून कडक झालेल्या त्या फेअरवेंवर टायगर वूड्सने चार दिवसांत ड्रायव्हर फक्त एकदा वापरला, बाकी मुख्यतः लाँग आयर्न आणि ३ वूड, आणि तो जिंकला. पण तिथे चेंडू पडल्यावर लांब पळत होता. ओल्या, मऊ फेअरवेवर तसं होत नाही, तिथे हवेतलं अंतरच कामाला येतं.

टी मात्र लावा, चेंडू गवताच्या जेमतेम वर राहील एवढी बुटकी. उंच टीवर हायब्रिडचा फटका फेसच्या वरच्या कडेला बसतो.

मोठे खेळाडू तर लाँग आयर्नच वापरायचे. मग आपण का नाही?

वापरायचे, आणि ते फटके लक्षात राहण्यासारखेच आहेत. १९५० च्या यूएस ओपनमध्ये मेरियनच्या शेवटच्या होलवर बेन होगनने १ आयर्नने ग्रीन गाठलं, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीचा प्लेऑफ जिंकला. प्राणावर बेतलेल्या मोटार अपघाताला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. १९७२ मध्ये पेबल बीचच्या १७ व्या होलवर जॅक निकलसचा १ आयर्नचा चेंडू वाऱ्यातून जाऊन झेंड्याच्या काठीला लागला आणि होलशेजारी थांबला. तेव्हा दुसरा पर्याय होता तो फेअरवे वूडचा. हायब्रिड नव्हता.

तो आल्यावर मोठ्या खेळाडूंनीही घेतला. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग शेवटच्या होलवर टायगर वूड्सपेक्षा एका फटक्याने पुढे होता आणि २०० यार्डांहून जास्त अंतर बाकी होतं. त्याने हायब्रिड काढला, चेंडू झाडावरून नेला, होलजवळ उतरवला आणि बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) केली. शेवटच्या दिवसाच्या आरंभी आघाडीवर असूनही मेजर (चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक) हरण्याची वूड्सची ती पहिलीच वेळ. मला हा फटका हायब्रिडची सगळ्यात चांगली ओळख वाटतो: लांबून, उंच, आणि थांबणारा.

ग्रीनच्या बाजूने हायब्रिडने चिप करतात, ते खरंच उपयोगी आहे का?

आहे, आणि शिकायला सोपं आहे. २००४ च्या ओपनमध्ये रॉयल ट्रूनवर टॉड हॅमिल्टनने एर्नी एल्सविरुद्धच्या प्लेऑफच्या शेवटच्या होलवर ग्रीनच्या अलीकडून हायब्रिडनेच चेंडू जमिनीलगत नेऊन होलपाशी ठेवला आणि स्पर्धा जिंकली. क्लब आखूड धरा, पटरसारखा झुलवा. आखूड गवत आणि मध्ये बंकर नाही, अशा जागी वेज चेंडूआधी जमिनीत घुसण्याची धास्ती यात नसते. चेंडू अपेक्षेपेक्षा जोरात निघतो, तेवढा सराव लागतो.

ड्रायव्हिंग आयर्न किंवा युटिलिटी आयर्न हा मधला मार्ग आहे का?

दिसायला आयर्न, आतून पोकळ, सोल थोडा जाड. साध्या लाँग आयर्नपेक्षा सोपा, हायब्रिडपेक्षा अवघड. हायब्रिड डावीकडे जातो आणि वेग भरपूर आहे, अशा खेळाडूला तो शोभतो. वेग कमी असेल तर चेंडू तसाच खालून निघेल, फक्त क्लब नवा असेल.

आणि ७ वूड?

साधारण २१ अंशांचा, म्हणजे ३ किंवा ४ हायब्रिडच्या जवळचा. शाफ्ट इंच-दीड इंच जास्त लांब, डोकं मोठं. चेंडू आणखी उंच जातो आणि जास्त मऊ उतरतो. ग्रीनवर थांबवणं हीच अडचण असेल तर तो जरूर मारून बघा. रफ आणि वाऱ्यात हायब्रिड पुढे.

माझा वेग कमी आहे. ५ आणि ६ आयर्नही काढून हायब्रिड घेतले तर चालेल?

नक्कीच. बऱ्याच महिला आणि ज्येष्ठ खेळाडूंना ६ आयर्नपर्यंत, काहींना ७ आयर्नपर्यंत हायब्रिड फायद्याचे ठरतात, आणि तसे तयार सेट मिळतातही. वर सांगितलेली मोजणी करा, ज्या आयर्नपाशी अंतरातला फरक पुसला जातो तिथून वर सगळीकडे हायब्रिड ठेवा. यात कमीपणा वाटून घेऊ नका. स्कोअरकार्डवर कुठल्या क्लबने मारलं ते लिहीत नाहीत.

१५० यार्डांपर्यंत माझे आयर्न छान बसतात, हायब्रिड एकही बसत नाही. उलटं का?

बहुतेक लांबीमुळे. हायब्रिड आयर्नपेक्षा इंचभर लांब असतो, आणि वाकून उभे राहणाऱ्यांना तेवढाही फरक जाणवतो. आधी अर्धा-एक इंच आखूड धरून मारा. फटका लगेच सुधारला तर शाफ्ट कापून घ्या, पण कापल्यावर डोक्याचं वजन हाताला हलकं लागतं आणि शाफ्ट थोडा कडक होतो, हे लक्षात ठेवा. मग चेंडूची जागा बघा. ते वर आलंच आहे.

हायब्रिड आणि लाँग आयर्न दोन्ही बॅगेत ठेवून दिवसाप्रमाणे वापरले तर?

चालेल, एकूण क्लब १४ पेक्षा जास्त नसतील तर. जास्त झाले तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) ज्या होलवर नियमभंग झाला त्या प्रत्येकासाठी दोन फटक्यांचा दंड आहे, एका राउंडमध्ये कमाल चार फटक्यांचा. १४ घेऊन सुरुवात केली असेल तर वारा सुटला म्हणून मध्येच हायब्रिड ठेवून गाडीतला आयर्न आणता येत नाही. १३ घेऊन निघालात तर एक क्लब नंतर घेता येतो, मात्र खेळाला विनाकारण उशीर करून नाही आणि कोर्सवर खेळत असलेल्या दुसऱ्या कुणाचा तर अजिबात नाही.

लॉफ्ट बदलता येणारा हायब्रिड आहे. राउंडमध्ये किल्ली फिरवून एक अंश कमी केला तर?

राउंड सुरू होण्याआधी हवा तेवढा फिरवा. सुरू झाल्यावर मुद्दाम बदललेल्या क्लबने फटका मारला तर स्पर्धेतून बाद. बदलला, पण फटका मारण्याआधी होता तसा परत केला तर दंड नाही. आणि घरी फिरवतानाही एक ध्यानात असू द्या: बहुतेक क्लबांत लॉफ्ट वाढवला की फेस डावीकडे बंद होतो, कमी केला की उजवीकडे उघडतो. हुकचा त्रास असणाऱ्याने लॉफ्ट वाढवून उंची मिळवायला गेलं तर हुकही वाढतो.